फडावरच्या बाया फोनवर, आम्ही गावात : गटाची बैठक नीट कशी घ्यावी?

बालाघाट_ताई (धारूर तालुका, जि. बीड), ९ ऑक्टोबर

नमस्कार. मी आमच्या बचत गटाचं दप्तर लिहिते. गट ११ जणींचा. त्यातल्या पाच जणी दरवर्षी ऊसतोडीला जातात, आणि यंदा दसरा झाल्यापासून मुकादमाचे फोन सुरू झालेत. दोघी एकाच टोळीत कोल्हापूरकडं, एक सांगलीकडं, दोघी कर्नाटकात वेगवेगळ्या कारखान्यांवर. एकदा गाडी निघाली की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, त्या गावात दिसत नाहीत. तेवढे महिने बैठक बंद ठेवता येत नाही. बचत थांबते, परतफेड तटते, आणि बँकेत गेलं की साहेब पहिल्यांदा बैठकीचं रजिस्टरच मागतात.

म्हणून मागच्या वर्षी आम्ही त्यांना फोनवर घेतलं. फोन स्पीकरवर टाकून मारुतीच्या सभामंडपात मधोमध ठेवला आणि सगळ्या भोवती बसलो. मला वाटलं, झालं काम.

माघातली गोष्ट सांगते. गटात तीस हजार शिल्लक होते. गावातल्या एकीला शेळ्यांसाठी वीस पाहिजे होते. त्याच वेळी माझ्या जाऊबाईला, ती तिकडं फडावर, लेकीच्या खोलीभाड्याला आणि मेसला पंधरा पाहिजे होते. लेक लातूरला शिकते. जाऊबाईनं आधी मला एकटीला तसं सांगितलंही होतं. बैठकीत शेळ्यांचा विषय निघाला, सगळ्या हो म्हणाल्या, मी फोनकडं तोंड करून विचारलं, "ऐकू येतंय ना गं?" तिकडून "हं" आलं. मी लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

पाडव्यानंतर ती घरी आली. भांडली नाही. एवढंच म्हणली, "बाई, मी फोनात होते, बैठकीत नव्हते." तिला तिकडं नुसता गलका ऐकू यायचा, कुणाचं तरी हसणं आणि मंदिराची घंटा. आपलं नाव घेऊन कुणीतरी विचारील म्हणून ती कान लावून बसली होती. कुणी विचारलंच नाही. भाडं थकलं म्हणून लेक महिनाभर घरी येऊन बसली, तिचे क्लास बुडाले. "सर्वानुमते" हा शब्द माझ्या हातचा आहे. रजिस्टर उघडलं की तोच आधी दिसतो.

दुसरी अडचण आकड्यांची. एकीनं परतफेडीचे सातशे सांगितले, मी आठशे ऐकले. शंभर रुपयांपायी दोन बैठका गेल्या आणि दोघींचं बोलणं तुटलं ते वेगळंच.

पाचांपैकी तिघींकडं बटणाचा फोन आहे, तोही नवऱ्याच्या खिशात असतो. त्यामुळं व्हिडिओचं काही सांगू नका, ते होणार नाही. साध्या फोनवर बैठक घ्यायची आणि ती खरी बैठक व्हायची, यासाठी कुणी काय केलं असेल ते सांगा. त्या जायच्या आत ठरवायचं आहे.

---

मांजराकाठ (लातूर), ९ ऑक्टोबर

ताई, आमची सोयाबीनची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, मी तिचं कागदपत्र बघतो. आमचे दोन संचालक पुण्याला असतात.

आधी कायद्याचं, कारण कुणीतरी विचारणारच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७३ नुसार संचालक दूर बसून बैठकीला हजर राहू शकतो, पण व्हिडिओ किंवा दिसेल-ऐकू येईल अशा साधनानं. नुसता फोनवरचा आवाज हजेरीत धरत नाहीत. म्हणून आम्ही फोनवर सल्लामसलत करतो, ठराव मात्र व्हिडिओवर नाहीतर समोरासमोर. तुमचा गट कंपनी नाही, तुम्हाला हे लागू नाही. तुमचे नियम तुम्हीच ठरवायचे. पण ते त्या निघायच्या आधी, सगळ्या ११ जणींच्या सह्या-अंगठ्यांनिशी ठराव करून ठरवा : फोनवरची हजेरी धरायची का, फोनवरचं मत धरायचं का, किती रकमेपर्यंत.

त्याच कायद्याच्या नियमांत एक फार कामाची गोष्ट आहे. दुरून बसलेल्या संचालकांची सुरुवातीला नावानिशी हजेरी घ्यायची. प्रत्येकानं नाव सांगायचं, कुठून बोलतोय ते सांगायचं, विषयपत्रिका मिळाली का ते सांगायचं, आणि आपल्याजवळ दुसरं कुणी ऐकत बसलेलं नाही हेही सांगायचं. पुढं बोलताना दर वेळी आधी नाव. मला पहिल्यांदा हे सरकारी सोपस्कार वाटले होते. फोनवर चार बैठका घेतल्या तेव्हा कळलं की याच्याशिवाय कोण बोललं हेच कळत नाही.

आणि विषय आधी कळवा. उत्पादक कंपनीत नोटीस सात दिवस आधी द्यावी लागते. तुम्ही निदान दोन दिवस आधी प्रत्येकीला फोन करून सांगा, "या वेळी पैसे दोघींना पाहिजेत, शिल्लक इतकी आहे, विचार करून ठेव." तुमच्या जाऊबाईच्या बाबतीत नेमकं तेच राहिलं. तिची मागणी तुमच्या कानात राहिली, विषयपत्रिकेवर आलीच नाही.

---

जुना_एक्स्चेंजवाला (परभणी), १० ऑक्टोबर

मी टेलिफोन खात्यात लाइनवर आणि नंतर एक्स्चेंजात नोकरी केली, आता निवृत्त आहे. सातशे आणि आठशेचा घोळ वाचून राहवलं नाही. ताई, तो दोष तुमच्या कानाचा नाही आणि त्या बाईच्या जिभेचाही नाही.

टेलिफोनवर माणसाचा सगळा आवाज जात नाही. जुन्या पद्धतीच्या कॉलवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवतात. बोलणं समजायला तो पुरतो. पण "स" हा नुसता वाऱ्याचा आवाज आहे, आणि त्याचा मोठा भाग ह्या पट्ट्याच्या वर असतो. तो कापला गेला की "सात" मधला "स" पुसट होतो आणि मागं उरतं ते "आत". "साठ" तर सरळ "आठ" होतो. आता दोन्हीकडं ४जीचे चांगले फोन आणि चांगली रेंज असेल तर आवाजाचा पट्टा जवळजवळ दुप्पट रुंद मिळतो, आणि फरक लगेच जाणवतो. पण एका टोकाला जुना बटणाचा फोन असला की दोघांनाही जुनाच आवाज.

आम्ही लाइनवर नंबर कधी नुसता सांगत नसू. तुम्ही असं करा :

रक्कम दोनदा सांगायची, दोन तऱ्हांनी. "सातशे. सहाशेनंतरचे सातशे." मोठा आकडा असेल तर अंक सुटे करून : "सदुसष्ट, म्हणजे सहावर सात." मराठीत सदतीस, सदुसष्ट, पासष्ट, पंचावन्न हे फोनवर एकमेकांत मिसळतात, सुटे अंक मिसळत नाहीत. आणि ऐकणारीनं तो आकडा परत म्हणायचा. ती म्हणेपर्यंत पेन टेकवायचं नाही.

आता स्पीकरचं. सभामंडप ही सगळ्यात वाईट जागा निवडली तुम्ही. वर पत्रा, खाली फरशी, आवाज चहूकडून उलटून येतो. आपल्या कानांना त्याची सवय असते, फोनला नसते. तोंड आणि फोन यातलं अंतर दुप्पट झालं की ध्वनीचा दाब निम्मा होतो, पण भिंतीवरून उलटलेला आवाज आहे तेवढाच राहतो. पाच-सहा हातांवरून बोललेलं तिकडं गलक्यासारखंच पोचणार.

शिवाय साधा फोन स्पीकरवर असताना एका वेळी बहुतेक एकाच दिशेचा आवाज नीट जाऊ देतो. तुमच्याकडं चौघी एकदम बोलल्या तर तिकडच्या बाईचा आवाज फोन स्वतःच दाबतो. ती बोलत असते, तुम्हाला वाटतं ती गप्प आहे. त्या "हं" च्या आधी ती काही बोललीही असेल.

म्हणून जमिनीवर मधोमध फोन ठेवू नका. घरातली लहान खोली घ्या. खाली गोधड्या, दोरीवर कपडे असतील तर असू द्या, ते आवाज पितात. जी बोलणार तिनं फोन हातात घ्यायचा, तोंडापासून वीतभर लांब, माइकच्या भोकावर बोट येऊ न देता. बोलून झालं की पुढचीच्या हातात. हाती फोन नाही तिनं बोलायचं नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. फोनच्या साध्या कॉन्फरन्समध्ये तुमच्या फोनवरून जास्तीत जास्त पाच जण जोडता येतात. तुमच्या दोघी एका टोळीत असल्यानं चार फोनांत भागेल. एकीला लावायचा, तिला थांबवून दुसरीला लावायचा, मग दोन्ही जोडायचे, असं एकेक करत जायचं. आणि एकाच टोळीतल्या दोघींनी शेजारी बसून दोन फोन लावू नयेत, शिट्टी घुमेल. एकाच फोनवर बसू द्या.

---

कोयत्याची_लेक (शिरूर कासार), १० ऑक्टोबर

ताई, माझी आई-बाबा वीस वर्षं जातात. मी आजीजवळ राहून शिकले. एक्स्चेंजवाल्या काकांचं सगळं बरोबर आहे, पण फोन तिच्या हातात आला तर.

तुमची बैठक किती वाजता असते? दुपारी चारला असेल तर आई तेव्हा फडात मोळ्या बांधत असते, नाहीतर डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढत असते. पहाटे तीन-चारला उठून भाकरी करते. रात्री गाडी भरायला कधी येईल याचा नेम नसतो, आणि ज्या दिवशी रात्री गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला कशाचंच भान नसतं. तिला बोलायला सवड मिळते ती संध्याकाळी कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, आल्यावर, चूल पेटवून भाकरी थापताना. सात ते आठ. तेवढाच तास. ती वेळ त्यांना विचारून ठरवा. गावातल्या बायांना ती वेळ अडचणीची आहे हे मला माहीत आहे. पण गावातली बाई स्वयंपाक अर्धा तास पुढं ढकलू शकते, आईला ते जमत नाही.

आधी तिला एक मिस कॉल द्या. तो वाजला की ती बाबांच्या खिशातून फोन घेते. निघायच्या आधी बाबांनाही स्पष्ट सांगून ठेवा की महिन्यातल्या अमुक दिवशी सात ते साडेसात फोन तिचा आहे. आमच्या टोळीत एका बाईचं सगळं बोलणं तिचा नवराच करायचा, ती मागून फक्त मान हलवायची. फोनवर मान दिसत नाही.

चार्जिंगचंही बघा. कोपीत लाइट नसते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाहीतर गावातल्या दुकानात चार्ज करतात. आदल्या दिवशी आठवण द्या.

---

पैनगंगा_११ (हिंगोली), ११ ऑक्टोबर

मी वेगळं सांगते, राग मानू नका. फोनवर बचत नोंदवा, परतफेड नोंदवा, सुखदुःख विचारा. कर्जाचं फोनवर ठरवू नका. पैशाचं बोलणं तोंड बघून करावं. आमच्या गटात बाहेर गेलेल्या बायांचं कर्ज त्या आल्यावरच बघतो.

---

बालाघाट_ताई, ११ ऑक्टोबर

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. पैनगंगाताई, तुमचं म्हणणं काळजीपोटी आहे हे समजतं. पण मला ते पटत नाही. बाहेर गेलेलीचं कर्ज थांबवलं तरी गावातलीचं थांबत नाही, म्हणजे पैसा सगळा गावातच वाटला जातो. बचत मात्र ११ जणींची. तिकडच्या पाच जणी वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून दोनशे रुपये साठवतात आणि पाठवतात. गरज त्यांना तिकडंच पडते, पट्टा पडल्यावर नाही.

लेकी, तुझं वाचून मी वही काढून गेल्या वर्षीच्या वेळा बघितल्या. सगळ्या बैठका दुपारी चारला. कुणालाच खटकलं नव्हतं, मलाही नाही.

उद्या सगळ्यांना बोलावते. ठराव करून, सराव करून मगच त्यांना जाऊ देते.

---

बालाघाट_ताई, १ डिसेंबर

काय झालं ते कळवते.

निघायच्या आधी गावातच सराव केला. पाच जणींना वेगवेगळ्या घरात बसवलं, एक तर गोठ्याशेजारी, आणि आम्ही माझ्या आतल्या खोलीत. पहिल्याच फोनला तीन बाया एकदम बोलल्या आणि गोठ्यातल्या मावशीचा आवाज खरंच गुल झाला. ती नंतर येऊन म्हणाली, "मी वरडायले आन् तुमी ऐकंनात." काका, तुम्ही लिहिलं होतं ते डोळ्यांदेखत झालं. तेव्हापासून हाती फोन नाही तिनं बोलायचं नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही.

ठराव असा केला : फोनवरची हजेरी धरायची. कर्जाची मागणी दोन दिवस आधी माझ्याकडं आली पाहिजे आणि मी ती प्रत्येकीला फोन करून सांगितली पाहिजे. मागणारी तिकडची असेल तर तिचं बोलणं आधी, गावातल्यांचं नंतर. "हं" लिहायचं नाही. हो किंवा नाही, आणि एका वाक्यात का.

परवा पहिली बैठक झाली, संध्याकाळी सव्वासातला. चारापैकी तीन फोन लागले. बेळगावकडच्या एकीचा लागलाच नाही, तिची गाडी आली होती. तिला रात्री दहाला वेगळा लावला, काय चाललंय ते सांगितलं, आणि तिचं मत आल्यावरच ठराव लिहिला. तोपर्यंत रजिस्टर उघडं ठेवलं. यामुळं गावातल्या दोघी कुरकुरल्या, "एकीसाठी किती थांबायचं." मी थांबले.

हजेरीला प्रत्येकीनं नाव सांगितलं, कुठं आहे ते सांगितलं. सांगलीवाली म्हणली, "कोपीच्या दारात बसलेय, मालक मागं बसलेत." मी म्हणलं, दाजी, अर्धा तास बैलांना वैरण टाका. ते हसत उठले, त्यांच्या पायाखाली पाचट वाजलं ते आम्हाला ऐकू आलं.

मागण्या दोन होत्या. गावातून शिलाई मशीनसाठी दहा हजार, आणि जाऊबाईचे बारा, लेकीच्या पुढच्या सहा महिन्यांच्या भाड्याचे. शिल्लक एकोणीस. मी शिल्लक सांगितली, "एकोणीस हजार, एकावर नऊ," आणि तिकडच्या चौघी तिन्ही टोळ्यांतून एकामागून एक परत म्हणाल्या. मग जाऊबाई बोलली. ती सलग चार मिनिटं बोलली असेल. मागं भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एकदा म्हणली, "थांबा, तव्यावरची उलटू द्या," आणि आम्ही सहा जणी गप्प बसून भाकरी उलटायची वाट बघत होतो. गेल्या वर्षी तिला कुणी अर्धं मिनिट दिलं नव्हतं.

तिचं झाल्यावर फोन हातोहात फिरला. मशीनवालीनं स्वतःच सांगितलं की तिला आत्ता सात पुरतील, जुनं मशीन घेते, उरलेले पुढं बघू. बारा आणि सात, बरोबर एकोणीस. पण कोल्हापूरकडच्या दोघींपैकी धाकटी म्हणली, "माझं नाही." इतक्या वर्षांत ती गटात नाही म्हणलेली मला आठवत नाही. कारण विचारलं तर म्हणली, तिजोरी शून्य करू नका, इकडं एखादीला कोयता लागला, मोळी घेऊन पाय घसरला, तर दवाखान्याला गटात काहीतरी पाहिजे. आम्हा गावात बसलेल्यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी जाऊबाईला दहा, मशीनला सात आणि दोन हजार शिल्लक, दुखण्याखुपण्यासाठी.

शेवटी काय ठरलं ते मी वाचून दाखवलं नाही. त्यांनाच सांगायला लावलं. सांगलीवालीनं मशीनचे आठ सांगितले, लगेच दुरुस्त झालं. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली.

सह्यांच्या रकान्यात पाच चौकोन रिकामे ठेवलेत. प्रत्येकात पेन्सिलीनं "फोनवर", वेळ आणि हो की नाही लिहिलंय. पट्टा पडल्यावर त्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे. मांजराकाठ दादा, बँकेत हे दाखवताना सोबत ऑक्टोबरच्या ठरावाची प्रत जोडावी का? आणि पेन्सिलीऐवजी पेननंच लिहून ठेवू का?

---

मांजराकाठ, १ डिसेंबर

प्रत जरूर जोडा. आणि पेननंच लिहा, रजिस्टरमध्ये पेन्सिल नको. बेळगाववाल्या ताईंचं मत रात्री दहाला वेगळं घेतलंत, ते तसंच वेळेसह लिहा, बाकीच्यांबरोबर हजर दाखवू नका. त्या धाकटीचं "नाही" आणि तिचं कारणही ठरावात तिच्या शब्दांत येऊ द्या.

---

कोयत्याची_लेक, २ डिसेंबर

ताई, मी हे आईला फोनवर वाचून दाखवलं. ती विचारायलीय, तुमच्या गावातून तिच्या टोळीतल्या बायांना हे समजावून सांगायला फोनवर कुणी येईल का. संध्याकाळी सात ते आठ.